‘रन’चा गोतावळा

फलंदाज पाय पुढे टाकतो, बॅट फिरते आणि चेंडू थेट प्रेक्षकांत जाऊन पडतो. दोन्ही फलंदाज जागचे हलत नाहीत, तरी धावफलकावर सहा ‘रन’ लागतात. ‘रन’ म्हणजे धावणे, हे शाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मग कोणीही न धावता मिळालेले हे सहा रन कसले? अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्रिकेटचा हिशेब काठीवर खाचा पाडून ठेवत आणि धावेलाही ‘नॉच’, म्हणजे खाचच म्हणत. पुढे ‘रन’ रूढ झाला. दोन यष्टींमधल्या धावण्याचे नाव मोजण्याच्या एककाला मिळाले, आणि एकदा एकक झाल्यावर त्याला पायांची गरज उरली नाही. मराठीने ‘धाव’ स्वीकारली तेव्हा तिच्या वाट्यालाही हाच प्रवास आला. म्हणूनच आपले समालोचक ‘पळून काढलेल्या धावा’ असे म्हणतात आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

हा ‘रन’ इंग्रजीतला साधासुधा शब्द नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकाराने त्याची नोंद नव्याने लिहायला घेतली, तेव्हा या एका शब्दावर त्यांचे नऊ महिने गेले. काम संपले तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ वेगवेगळे नोंदले गेले होते. 2011 मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांतून गाजली. त्याआधी हा मान ‘सेट’कडे होता, 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’चे चारशेहून अधिक अर्थ दिले होते.

आपल्याकडे इंग्रजी चांगले असणे म्हणजे लांबलचक, अवघड शब्द पाठ असणे, असा समज खोल रुजलेला आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत अशा शब्दांच्या याद्याच्या याद्या असतात आणि मराठी माध्यमातली मुले रात्र रात्र जागून त्या घोकतात. पण लांब शब्द बहुतेक वेळा एकच काम करतो. एकदा अर्थ समजला की तो सहसा दगा देत नाही. इंग्रजीचा खरा भार ‘रन’, ‘सेट’, ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ अशा इवल्याशा शब्दांवर असतो, आणि अडखळायला होते तेही तिथेच. हे काही आजचे दुखणे नाही. 1755 मध्ये आपला प्रसिद्ध कोश प्रसिद्ध करणाऱ्या सॅम्युअल जॉन्सन यांनी प्रस्तावनेत अशा क्रियापदांची यादीच दिली आहे आणि त्यांनी आपले काम किती वाढवले हे सांगितले आहे. त्या यादीत ‘रन’ही आहे. इंग्रजी ज्याची मातृभाषा, ज्याने जवळजवळ एकहाती कोश रचला, त्या माणसाला जे जड गेले ते साताऱ्याच्या किंवा जालन्याच्या मुलाला जड गेले तर त्यात त्याच्या बुद्धीचा काय दोष?

या शब्दाचा गोतावळा इतका वाढला कसा, हे पाहायला थोडे मागे जावे लागते. जुन्या इंग्रजीत जवळच्या रूपाची दोन क्रियापदे होती: एकाचा अर्थ स्वतः धावणे किंवा वाहणे, दुसऱ्याचा अर्थ दुसऱ्याला धावायला लावणे. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स भाषकांच्या बोलीतही अशीच जोडी होती. पुढे ही सगळी रूपे एकमेकांत मिसळली आणि एकच ‘रन’ शिल्लक राहिला. मराठीत हा भेद आजही स्वच्छ आहे. दुकान ‘चालते’ आणि दुकानदार ते ‘चालवतो’. एका ‘व’ने कर्ता कोण ते कळते. इंग्रजीत दुकानही ‘रन’ होते आणि मालकही ते ‘रन’ करतो. 645 मधले कितीतरी अर्थ या दुहेरीपणातून जन्मले आहेत. घोडा धावतो आणि कोणी घोडा शर्यतीत धावायला लावतो. पाणी वाहते आणि कोणी आंघोळीसाठी पाणी सोडतो. संगणकातला प्रोग्राम चालतो आणि कोणी तो चालवतो. प्रत्येक वेळी शब्द तोच.

धावण्याइतकाच वाहण्याचा अर्थही जुना आहे, हे विसरले की पुढचे बरेच काही अनाकलनीय वाटू लागते. नदी ‘रन’ होते, नाक ‘रन’ होते, कपडा धुताना त्याचा रंग ‘रन’ होतो. मराठीत नदी वाहते, नाकही वाहते, रंग मात्र जातो किंवा सुटतो. अमेरिकेच्या काही भागांत तर लहान ओढ्यालाच ‘रन’ म्हणतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाची पहिली मोठी लढाई 1861 मध्ये व्हर्जिनियात झाली, ती ‘बुल रन’ नावाच्या अशाच एका ओढ्याच्या काठी. उत्तरेच्या सैन्याने लढाईला ओढ्याचे नाव दिले, दक्षिणेने जवळच्या मनॅसस गावाचे. म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत एकाच लढाईची दोन नावे सापडतात, आणि पहिल्या नावातल्या ‘रन’चा पळापळीशी काही संबंध नाही.

त्याच युद्धाने या शब्दाला आणखी एक अर्थ घट्ट चिकटवला आणि त्याची झळ मुंबईपर्यंत पोहोचली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली होती. रात्रीच्या अंधारात हा वेढा चुकवून कापूस बाहेर काढणाऱ्या आणि शस्त्रे आत आणणाऱ्या वेगवान आगबोटींना ‘ब्लॉकेड रनर’ म्हणत. पण अशा बोटींनी लँकेशायरच्या गिरण्यांची भूक भागण्यासारखी नव्हती. इंग्लंडने हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला, मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी भरभराटीला आले आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सट्ट्याचा तो सगळा डोलारा कोसळला. पहारा चुकवून चोरटा माल नेण्याचा हा अर्थ पुढेही टिकला. अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात दारूबंदी होती, तेव्हा चोरून दारू आणणाऱ्यांना ‘रम रनर’ म्हणत. बंदुकांची तस्करी आजही ‘गन रनिंग’च आहे.

मात्र ‘रन’च्या अर्थांची संख्या झपाट्याने वाढवली ती यंत्रांनी. जहाज वाऱ्याबरोबर ‘रन’ होई, पाण्यावरची गिरणी ‘रन’ होई. मग वाफेचे इंजिन आले, आगगाडी आली, मोटार आली, छापखाने आले, अखेरीस संगणक आला. नवे यंत्र आले की त्याच्या हालचालीसाठी इंग्रजीने बहुतेक वेळा हाच शब्द पुढे केला. छापखान्यात एका वेळी निघणाऱ्या प्रती म्हणजे ‘प्रिंट रन’. गिरणीतून प्रतवारी न करता जसा निघाला तसा माल तो ‘रन ऑफ द मिल’, आणि त्यावरूनच अगदी सामान्य, चारचौघांसारख्या कोणत्याही गोष्टीला हे विशेषण लागले. विमान ज्या पट्ट्यावर दौडत जाऊन उडते तो ‘रनवे’. मराठीने त्याला ‘धावपट्टी’ हे सुरेख नाव दिले.

इथे मराठीची चाल पाहण्यासारखी आहे. इंग्रजीची यंत्रे धावतात, आपली चालतात. घड्याळ चालते, पंखा चालतो, गिरणी चालते, संस्था चालते, घर चालते. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ 25 नोव्हेंबर 1952 रोजी सुरू झाले आणि मार्च 2020 मध्ये करोनामुळे नाट्यगृहे बंद होईपर्यंत अखंड होत राहिले. इंग्रजीत हा जगातला सर्वांत लांब ‘रन’. मराठी माणूस म्हणेल, नाटक चांगले चालले. गुण किंवा आजार कुटुंबात ‘रन’ होतो, आपल्याकडे तो घराण्यात चालत येतो. आगगाडी मात्र या नियमाला अपवाद. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे ‘धावली’, असेच मराठीत लिहितात. लोकल धावते, एसटीही धावते. रुळांवरून किंवा रस्त्यावरून जे वेगाने पुढे जाते त्याला धावण्याचा मान आणि जे जागच्या जागी काम करते त्याला चालण्याचा, अशी ही वाटणी कोणी ठरवून केलेली नाही. बोलणाऱ्यांच्या कानाने केली आहे, आणि ती इतकी नेमकी आहे की पंखा धावतो असे चुकूनही कोणी म्हणत नाही.

निवडणुकीची गंमत तर इंग्रजीतल्या इंग्रजीतच आहे. अमेरिकेतला उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आपला उमेदवारही उभाच राहतो. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराबरोबर उपाध्यक्षपदासाठी लढणारा ‘रनिंग मेट’ असतो. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला: मुख्य घोड्याला वेग मिळावा म्हणून त्याच तबेल्यातला जो दुसरा घोडा शर्यतीत उतरवत, तो ‘रनिंग मेट’.

बँकेवरचा ‘रन’ हा या गोतावळ्यातला सर्वांत भीतिदायक सदस्य म्हणावा लागेल. बँक बुडणार अशी शंका आली की सगळे ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला धावतात, आणि एरवी तगली असती ती बँकही त्या धावपळीनेच बुडते. सप्टेंबर 2007 मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांपुढे अशाच रांगा लागल्या. त्या देशाने असे दृश्य शंभराहून अधिक वर्षांत पाहिले नव्हते. मार्च 2023 मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात 4,200 कोटी डॉलर काढायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्याच दिवशी नियामकांनी बँकेला टाळे ठोकले. त्यातल्या बहुतेकांनी पैसे फोनवरून किंवा संगणकावरून हलवले. तरी शब्द ‘रन’च राहिला.

एवढे झाल्यावर 645 या आकड्याकडेही जरा डोळसपणे पाहायला हवे. शब्दाचे अर्थ फळ्यावर मांडून ठेवलेले नसतात. कोशकाराला रेषा ओढाव्या लागतात. नदी दरीतून ‘रन’ होते आणि रस्ता नदीकाठाने ‘रन’ होतो, हा एक अर्थ की दोन? पाणी खरोखर हलते, रस्ता जागचा हलत नाही; हलते ती पाहणाऱ्याची नजर. ऑक्सफर्डचा कोश अशा ठिकाणी अर्थ वेगळे करतो, कारण कोणता अर्थ कोणत्या काळात, कोणाच्या लेखनात पहिल्यांदा आला हे दाखवणे हेच त्याचे व्रत आहे. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली त्या कोशाचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि काम पुरे व्हायला 1928 उजाडले. मरे स्वतः 1915 मध्येच गेले. देशोदेशींच्या वाचकांनी पुस्तके वाचून चिठ्ठ्यांवर उतारे लिहून पाठवायचे आणि संपादकांनी त्या चिठ्ठ्यांच्या ढिगांतून अर्थ वेगळे काढायचे, अशी ती पद्धत होती. प्रिन्स्टन विद्यापीठात संगणकासाठी तयार झालेल्या ‘वर्डनेट’ या शब्दजालात मात्र ‘रन’ क्रियापदाचे 41 अर्थच धरले आहेत. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. मराठीचेही असे शब्दजाल आहे. ते मुंबईच्या आयआयटीत, हिंदी शब्दजालाच्या आधाराने उभारले गेले. त्यासाठी काम करणाऱ्यांना ‘लागणे’, ‘मारणे’, ‘काढणे’ या आपल्या घरच्या क्रियापदांशी अशीच झुंज घ्यावी लागते. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दिवा लागतो, वेळ लागतो, निकाल लागतो, आणि पोरगी शेजारच्या काकूंची भाचीही लागते.

आपल्या परंपरेलाही ही अडचण नवी नव्हती. अमरकोश मुख्यतः समानार्थी शब्दांचा कोश. पण त्याच्या तिसऱ्या कांडात ‘नानार्थवर्ग’ आहे, म्हणजे एका शब्दाच्या अनेक अर्थांसाठी राखून ठेवलेले प्रकरण. तिथे ‘हरि’ या एका शब्दाचे यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, बेडूक आणि पिंगट रंग असे 14 अर्थ दिले आहेत. यादी विस्कळीत वाटते, पण शेवटचा अर्थ धरून मागे गेले तर सिंह, घोडा, माकड, सूर्य यांची पिवळसर, पिंगट छटा दिसू लागते. अनेक अर्थांच्या मुळाशी असा एखादा धागा सापडतो. एक अर्थ ठाऊक असला की नवा अर्थ संदर्भावरून पुष्कळदा उमगतो तो याच धाग्यामुळे. भाषाशास्त्रात या गोष्टीला ‘पॉलिसेमी’ म्हणतात. हे नाव मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केले. पुढे अमेरिकेतल्या जॉर्ज झिफ यांनी 1945 मध्ये आकडेवारीने दाखवले, की जो शब्द जास्त वापरला जातो त्याचे अर्थही साधारणपणे जास्त असतात.

समानार्थी शब्दांची बाजू याहून नाजूक आहे. पीटर मार्क रोजे हे पेशाने डॉक्टर. त्यांनी 1805 मध्ये स्वतःच्या वापरासाठी शब्दांचे गट करायला सुरुवात केली आणि 1852 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आपला ‘थिसॉरस’ छापला. त्यात शब्द वर्णानुक्रमाने नव्हे तर कल्पनांप्रमाणे, हजार गटांत लावले होते. याच वाटेवरचे त्याहून मोठे काम ग्लासगो विद्यापीठात 1965 मध्ये सुरू झाले आणि 2009 मध्ये पुस्तकरूपाने आले: ऑक्सफर्डच्या कोशातले शब्द कोणत्या शतकात कोणत्या कल्पनेसाठी वापरले जात, ते तिथे एकत्र पाहता येते.

अशा कोशात ‘रन’ उघडला की शब्दांची रांगच लागते. थोड्या अंतरासाठी जीव तोडून धावणे ते ‘स्प्रिंट’, आरोग्यासाठी सावकाश धावणे ते ‘जॉग’, बुजलेल्या घोड्याने एकाएकी उधळणे ते ‘बोल्ट’, उंदरासारखे लगबगीने सटकणे ते ‘स्करी’, जिवाच्या भीतीने पळून जाणे ते ‘फ्ली’. चालवणे या अर्थी ‘ऑपरेट’, ‘अॅडमिनिस्टर’ हे लॅटिन वळणाचे शब्द येतात. ‘मॅनेज’ इटालियनमधून आला, आणि तिथे त्याचा संबंध घोडा हाताळण्याशी होता. यातला प्रत्येक शब्द ‘रन’चा एकेक कोपराच सांभाळतो. कंपनी ‘मॅनेज’ करता येते, नाक करता येत नाही. निबंध भारदस्त व्हावा म्हणून विद्यार्थी थिसॉरसमधून मिळेल तो शब्द उचलून ‘रन’च्या जागी बसवतात तेव्हा नेमके इथेच वाक्य मोडते. समानार्थी म्हटले तरी तंतोतंत समान असे शब्द भाषेत फार थोडे असतात.

मराठी वाचकाला हे पटवून द्यायला दूर जायला नको. ‘धावणे’ आणि ‘पळणे’ हे कोशात शेजारी बसतात. पण देव भक्तासाठी धावून येतो, पळून येत नाही. चोर पळतो, आणि लोक त्याच्यामागे धावतात. लहान मूल दुडूदुडू धावते, घोडा चौखूर उधळतो, ट्रक भरधाव जातो, कर्जदार पोबारा करतो, पोलीस दिसताच टोळके धूम ठोकते. सैन्याने पळ काढला म्हटले की नामुष्की आली. माघार घेतली म्हटले की थोडी अब्रू राहिली. या छटा मराठी माणसाला कोणी शिकवलेल्या नसतात, आणि त्या चुकत नाहीत. कारण लहानपणापासून तो हे शब्द पूर्ण वाक्यांतून ऐकत आलेला असतो.

इंग्रजी शिकणाऱ्याला हीच सोय करून देण्याचा ध्यास आल्बर्ट हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने घेतला. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत. शिकणाऱ्या मुलांना शब्दाचा अर्थ सापडतो पण तो वाक्यात बसवता येत नाही, हे त्यांनी रोज पाहिले होते. त्यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला, पुढे 1948 मध्ये ऑक्सफर्डने घेतला, आणि आज ‘अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावाने तो भारतात विद्यार्थ्यांच्या हातात दिसतो. या कोशात ‘रन’ उघडला तर मोठ्या ऑक्सफर्डसारखे सर्वांत जुने अर्थ आधी लागत नाहीत. रोजच्या वापरातले अर्थ हाताशी येतात. शब्दापुढे नाम येते की नाही, आले तर कोणते, हे वाक्यांतूनच दाखवलेले असते: ‘रन’पुढे ‘बाथ’ आले तर टबात पाणी सोडणे, ‘टेंपरेचर’ आले तर अंगात ताप असणे, ‘रेड लाइट’ आला तर सिग्नल तोडणे. मग ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘इंटू’, ‘डाउन’ जोडून झालेल्या क्रियापदांचा वेगळा विभाग येतो. तिथे दूध ‘रन आउट’ झाले म्हणजे संपले, जुना मित्र रस्त्यात अचानक भेटला तर त्याच्याशी ‘रन इंटू’ झाले, आणि कोणाला ‘रन डाउन’ केले म्हणजे एक तर त्याला गाडीने उडवले किंवा त्याची नालस्ती केली. कोणते ते पुढचे वाक्य सांगते. जी शाळा आठवड्याला पन्नास अवघड शब्द पाठ करायला लावते, तिने एक महिना त्याऐवजी या विभागातली दहा-दहा वाक्ये मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत आणि मग त्यांना स्वतःची लिहायला सांगावीत.